बीजाचा पेला आणि पोटाचा हिशेब

माझ्या टेबलावर गेली तीन वर्षे एक लाकडी पेला आहे. रंगाने मधासारखा आणि हातात घेतला तर वाटतो त्यापेक्षा जड. हा बीजाच्या लाकडाचा पेला. रात्री त्यात पाणी भरून ठेवले की सकाळपर्यंत पाण्याला पिवळसर-तांबूस रंग चढतो आणि खिडकीच्या उजेडात धरले तर कडेला निळसर झाक दिसते. हे पाणी अनशापोटी प्यायले की साखर उतरते, चरबी झडते, असे आमच्या गोंदिया भागात अनेक जण सांगतात. सांगणाऱ्यांत मिलमालक आहेत, मास्तर आहेत आणि आमच्या बँकेतून निवृत्त झालेले निदान चार जण तरी आहेत.

मलाही तो पेला अशाच एका सहकाऱ्याने आग्रहाने घ्यायला लावला. तेव्हा मी चौसष्ट वर्षांचा होतो. वजन ८६ किलो, उंची पाच फूट सहा इंच आणि कमरेचा घेर १०४ सेंटिमीटर. त्याआधी पाच वर्षांपासून मधुमेहाची गोळी चालू होती. सदतीस वर्षे बँकेच्या खुर्चीत बसून मी लोकांचे ताळेबंद तपासले, पण स्वतःच्या पोटाचा ताळेबंद कधी उघडून पाहिला नाही. या पेल्याने मला तो उघडायला लावला, मात्र पेला विकणाऱ्याला अभिप्रेत होते त्या रीतीने नव्हे. त्याचीच ही हकिकत.

देवरीची शाखा

१९८४ साली माझी बदली देवरीला झाली. तेव्हा गोंदिया जिल्हा नव्हता; १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून तो वेगळा झाला. देवरी म्हणजे मुंबई-कोलकाता महामार्गावरचे गाव, पुढे छत्तीसगडची सीमा, आणि दोन्ही बाजूंना जंगल. पीककर्जाच्या वसुलीसाठी मी सायकलने खेड्यांत जात असे. रस्त्याच्या कडेला मोह, तेंदू, चार, पळस. थोडे आत गेले की हिरडा, बेहडा, आवळा, बेल, अर्जुन आणि मधूनच उंच गेलेला एखादा बीजा. पश्चिम महाराष्ट्रातले लोक याला बिबळा म्हणतात, वैद्य विजयसार म्हणतात. सालीवर कुऱ्हाडीचा घाव बसला की रक्तासारखा लाल डिंक वाहू लागतो. पहिल्यांदा पाहिले तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

आमचा एक खातेदार होता, गोंड समाजातला, साठीच्या पुढचा. गावात झाडपाल्याचे औषध तोच देई. एकदा मी त्याला म्हटले, "बाबा, माझे पोट सुटत चालले आहे, काही मुळीबिळी द्या." त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले आणि म्हणाला, "साहेब, मुळी तं देतो. पण तुमी दिवसभर खुर्चीवरून उठत नाही, ते मुळीले कसं समजन?"

आम्ही दोघेही हसलो. त्याने मुळी दिली नाही, मीही पुन्हा मागितली नाही. त्या वाक्याचा अर्थ कळायला मला पस्तीस-चाळीस वर्षे लागली.

चरबी म्हणजे नुसते गोदाम नव्हे

हल्ली औषधी वनस्पतींच्या प्रत्येक डबीवर 'अँटिऑक्सिडंट' हा शब्द असतो. आवळ्याच्या रसावर असतो, त्रिफळ्यावर असतो, आता तर बिस्किटांच्या पुड्यावरही असतो. हा शब्द काय सांगतो, ते आधी समजून घेऊ.

लोखंड उघड्यावर पडले की गंजते, कापलेले सफरचंद काळे पडते. दोन्हीमागे प्राणवायू असतो. आपण ज्याच्या जिवावर जगतो, तोच वायू वस्तू खराबही करतो. शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत मायटोकाँड्रिया नावाच्या सूक्ष्म चुली असतात. अन्न आणि प्राणवायू यांच्या संयोगातून त्या ऊर्जा तयार करतात. कोणतीही चूल पेटली की ठिणग्या उडतातच. या ठिणग्या म्हणजे 'फ्री रॅडिकल' नावाचे अस्थिर कण. ते पेशीच्या भिंतींना, प्रथिनांना, अगदी जनुकांनाही डागण्या देतात. वार्धक्याचे मूळ याच ठिणग्यांत असावे, अशी कल्पना डेन्हॅम हरमन या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९५६ साली मांडली. पुढे १९६९ मध्ये जो मॅकॉर्ड आणि अर्विन फ्रिडोविच यांनी दाखवून दिले की या ठिणग्या विझवणारे विकर शरीर स्वतःच तयार करते. म्हणजे आग आणि बंब दोन्ही घरचेच. ठिणग्या बंबाच्या आवाक्याबाहेर गेल्या की त्या अवस्थेला 'ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस' म्हणतात. आपण त्याला प्राणवायूचा ताण म्हणू.

याचा लठ्ठपणाशी संबंध काय? पूर्वी समजूत अशी होती की चरबी म्हणजे धान्याचे गोदाम. उरलेला माल आणून टाकायचा आणि कुलूप लावायचे. पण चरबीच्या पेशी नुसत्या साठवत नाहीत, त्या रक्तात संदेशही सोडतात. गोदाम क्षमतेपेक्षा जास्त भरले की त्या पेशीच कावऱ्याबावऱ्या होतात. २००४ साली जपानी शास्त्रज्ञांनी एक महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध केला. फुगलेल्या चरबीतच या ठिणग्या मोठ्या प्रमाणात तयार होतात, आणि त्यामुळे ॲडिपोनेक्टिन या उपकारक द्रव्याची निर्मिती घटते, असे त्यांना आढळले. ॲडिपोनेक्टिन कमी झाले की इन्सुलिनचा हुकूम पेशी नीट पाळत नाहीत, साखर रक्तातच फिरत राहते, आणि साखर वाढली की ठिणग्या आणखी वाढतात. सावकाराच्या चक्रवाढ व्याजासारखा हा प्रकार आहे. मुद्दल लहान असते, पण थांबवले नाही तर घर जाते.

यात आपल्या मराठी माणसाने, किंबहुना भारतीय माणसाने, विशेष सावध राहायला हवे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हे फार सोप्या रीतीने दाखवले. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापून आले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचा अगदी सारखा, २२.३. पण अंगातल्या चरबीचे प्रमाण युडकिन यांचे ९.१ टक्के, तर याज्ञिकांचे २१.२ टक्के! दिसायला सडसडीत, आतून मात्र चरबीदार. पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बाळांतही त्यांना हेच आढळले होते. वजन कमी, पण चरबी राखलेली. म्हणून आपल्याकडे लठ्ठपणाची व्याख्या युरोपप्रमाणे ३० च्या निर्देशांकापासून न करता २५ पासून करावी, आणि कमरेचा घेर पुरुषांचा ९० व स्त्रियांचा ८० सेंटिमीटरच्या आत असावा, असे आपल्या तज्ज्ञांनी ठरवले. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीत देशात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज निघाला, आणि पोटाचा लठ्ठपणा ३९.५ टक्के प्रौढांत आढळला. घरटी पाच मोठी माणसे धरली, तर त्यांतली दोन!

चरकापासून काचनळीपर्यंत

आपल्या पूर्वजांना हे ठाऊक नव्हते असे नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात एकविसावा अध्याय आहे. त्यात आठ प्रकारची निंद्य मानलेली शरीरे सांगितली आहेत आणि त्यांपैकी अतिस्थूल व अतिकृश यांचा सविस्तर विचार केला आहे. स्थूलतेची कारणे कोणती? अति खाणे, जड व गोड खाणे, व्यायाम न करणे, दिवसा झोपणे, कशाचीच चिंता नसणे, आणि बीजस्वभाव, म्हणजे आईबापांकडून आलेला वारसा. आजच्या डॉक्टरच्या यादीत यापेक्षा वेगळे काय असते? उपायांत गुळवेल, नागरमोथा, त्रिफळा, मध, ताक यांपासून केलेले योग येतात; पण त्यांच्याबरोबरच जव, मूग, कुळीथ यांसारखा आहार, जागरण आणि व्यायामही येतो. म्हणजे औषध आहे, पण ते एकटे नाही. त्रिफळ्यातले हिरडा, बेहडा, आवळा हे तिन्ही आमच्या जंगलातले. मला त्याचा अभिमान आहे. पण अभिमान वेगळा आणि पुरावा वेगळा, हे बँकेत शिकलो. अर्जदार कितीही सज्जन असला तरी सातबारा पाहावाच लागतो.

औषधी वनस्पतीचा सातबारा तीन ठिकाणी तपासला जातो. पहिले ठिकाण काचनळी. प्रयोगशाळेत डीपीपीएच नावाचे जांभळे द्रावण असते. त्यात वनस्पतीचा अर्क टाकला आणि जांभळा रंग फिका पडून पिवळा झाला, की अर्क 'अँटिऑक्सिडंट' ठरला. बी.फार्म.चे विद्यार्थी हा प्रयोग एका दुपारी करतात. गंमत अशी की आवळा, बीजा, अर्जुनाची साल यांच्याबरोबर साधा चहाही ही परीक्षा उत्तम गुणांनी उत्तीर्ण होतो! काचनळीला आतडे नसते, यकृत नसते. आपण गिळलेल्या अर्कातली बरीचशी द्रव्ये आतड्यातून पुरती आत शिरतच नाहीत, आणि जी शिरतात त्यांचे रूप यकृत बदलून टाकते.

दुसरे ठिकाण उंदीर. उंदरांना तुपकट खाणे देऊन लठ्ठ करतात, मग अर्क देतात. त्यांचे वजन घटते, ठिणग्या कमी होतात, वर्तमानपत्रांत बातमी येते. बीजाच्याच बाबतीत काय झाले पाहा. १९८० च्या दशकाच्या आरंभी भारतीय संशोधकांनी जाहीर केले की बीजातल्या एपिकॅटेचिन या द्रव्याने मधुमेही केलेल्या उंदरांच्या स्वादुपिंडातील नष्ट झालेल्या पेशी पुन्हा उगवल्या. जगभर खळबळ उडाली. परदेशांतल्या प्रयोगशाळांनी तोच प्रयोग करून पाहिला, आणि त्यांना तसे काही आढळले नाही.

तिसरे ठिकाण माणूस. इथे मात्र बीजाने अगदीच निराशा केली नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने चार केंद्रांत नुकताच मधुमेह जडलेल्या रुग्णांना विजयसार दिले. १९९८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ९७ पैकी ६७ जणांची साखर बारा आठवड्यांत आटोक्यात आली. हा आकडा पेलेवाले मोठ्या अक्षरांत छापतात. पण त्याच अहवालातल्या इतर गोष्टी छापत नाहीत. हे रुग्ण सौम्य, नव्या आजाराचे होते. औषध मोजून-मापून दिले होते, पेल्यात भिजवून नव्हे. तुलनेसाठी खोटी गोळी घेणारा दुसरा गट नव्हता. रक्तातल्या चरबीत म्हणण्यासारखा फरक पडला नव्हता. म्हणजे बीजात काहीतरी आहे, हे खरे. त्याने पोट उतरते, हे मात्र त्या अहवालात नाही.

दोन जुन्या गोष्टी

माणसावरची परीक्षा किती कठोर असते, याच्या दोन गोष्टी सांगतो.

पहिली गुग्गुळाची. १९६० च्या दशकात बनारस हिंदू विश्वविद्यालयात जी. व्ही. सत्यवती या तरुण संशोधिकेने प्राचीन ग्रंथांतल्या मेदोरोगाच्या वर्णनावरून सूत्र पकडले आणि सशांवर गुग्गुळाचे प्रयोग केले. १९६६ मध्ये तिने प्रबंध सादर केला. पुढे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत त्यावर काम झाले आणि कोलेस्टेरॉलवरचे औषध म्हणून गुग्गुळाच्या अर्काला आपल्या देशात मान्यताही मिळाली. जुन्या ग्रंथातली ओळ प्रयोगशाळेत कशी न्यावी, याचा हा आदर्श पाठ आहे. पण २००३ साली अमेरिकेत १०३ जणांवर खोट्या गोळीशी तुलना करून चाचणी झाली. आठ आठवड्यांनंतर गुग्गुळ घेणाऱ्यांचे अपायकारक कोलेस्टेरॉल उतरण्याऐवजी चार-पाच टक्के वाढलेले निघाले. काहींच्या अंगावर पुरळ उठले. अमेरिकी आहार वेगळा, शरीरे वेगळी, असे म्हणून वाद अजून घालता येतो. पण 'ग्रंथात आहे म्हणजे झाले' असे म्हणता येत नाही.

दुसरी गोष्ट आपल्या कोकमाच्या कुळातली. मलबारी चिंचेच्या फळातले मुख्य आम्ल कोणते, हे म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संस्थेतील लुईस आणि नीलकांतन यांनी १९६५ मध्ये शोधून काढले. हे हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल कोकणातल्या आमसुलातही असते. प्राण्यांच्या शरीरात चरबी बनण्याची एक पायरी ते अडवते, असे पुढे दिसून आले. झाले! 'गार्सिनिया'च्या गोळ्या जगभर खपू लागल्या. १९९८ साली न्यूयॉर्कमध्ये १३५ स्थूल माणसांवर बारा आठवड्यांची चाचणी झाली. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना खोटी. आणि सर्वांना कमी उष्मांकाचा, भरपूर चोथ्याचा आहार. खऱ्या गोळीवाल्यांचे वजन सरासरी ३.२ किलोने घटले. खोट्या गोळीवाल्यांचे घटले ४.१ किलोने!

हा निकाल वाचताना मला हसू आले, पण थांबून पुन्हा वाचला. दोन्ही गटांचे वजन घटले होते. काम केले होते ताटाने. श्रेय मात्र गोळीला मिळणार होते. दुसरा गट नसता तर मिळालेही असते. पेल्याचे पाणी पिणारा माणूस बहुधा त्याच दिवसापासून जिलेबी सोडतो, सकाळी फिरायला लागतो. महिन्याने साखर उतरते आणि तो शेजाऱ्याला पेला दाखवतो.

माझी चूक

माझी चूक याच्या उलट दिशेची. मी पेला आणला आणि गोळी सोडली. 'नैसर्गिक उपाय हाताशी असताना रसायन कशाला?' असे मी बायकोला ऐटीत सांगितले. ती म्हणाली, "अहो, निदान डॉक्टरला विचारा." मी विचारले नाही. एवढेच नव्हे, पेला आहेच म्हणून सणावारी पुरणपोळी, स्टेशनजवळचा समोसा, दुपारची झोप सगळे चालू राहिले. पेल्यावर माझी इतकी श्रद्धा बसली की त्याच्या जिवावर मी उधारी वाढवीत गेलो.

तीन महिन्यांनी डोळ्यांपुढे अंधुक दिसू लागले. गोंदियातल्या ज्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो, त्या माझ्या एका जुन्या खातेदाराच्या कन्या. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ७.१ वरून ९.६ वर गेला होता. त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला आणि शांतपणे विचारले, "काका, गोळी कधीपासून बंद आहे?"

मी पेल्याची हकिकत सांगितली. मला वाटले, आता झाडपाल्यावर व्याख्यान ऐकावे लागणार. पण त्या म्हणाल्या, "पेल्याशी माझे भांडण नाही. तुम्ही तो लपवलात, याच्याशी आहे. समजा, बीजाने खरोखरच साखर उतरत असेल. मग गोळीही घ्या आणि पेलाही प्या म्हटले तर साखर जास्त उतरून तुम्ही चक्कर येऊन पडाल. आणि उतरत नसेल, तर आज जे झाले ते होईल. दोन्हीकडे मला ठाऊक असायला नको का?"

यावर काय बोलणार? कर्ज दुसऱ्या बँकेत काढून आमच्याकडे लपवणारे खातेदार मी आयुष्यभर ओरडून ओरडून पकडले होते. आज त्या खुर्चीत मी होतो.

'झाडपाला आहे, अपाय तर नाही ना?' हे वाक्य आपल्या घरोघरी ऐकू येते. तेही तपासून घ्यावे असेच आहे. करोनाच्या काळात घराघरांत गुळवेलीचा काढा उकळत होता. २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. पुढच्या वर्षी देशातील अनेक केंद्रांतून अशा ४३ रुग्णांची नोंद झाली. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की सेवन केलेली वेल खरी गुळवेलच होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरी, याची खातरजमा झालेली नाही. आक्षेपात तथ्य असेल. पण सामान्य गिऱ्हाइकाला तरी बाजारात ती ओळखता येते का? आणि 'शंभर टक्के हर्बल' म्हणून विकल्या जाणाऱ्या बारीक होण्याच्या गोळ्यांत सिबुट्रामिन हे रसायन अनेक देशांच्या तपासण्यांत सापडले आहे. हृदयाला धोका म्हणून या औषधावर आपल्या देशात २०११ पासून बंदी आहे.

ठिणग्या सगळ्याच वाईट नसतात

मग निदान अँटिऑक्सिडंटच्या साध्या जीवनसत्त्वाच्या गोळ्या तरी घ्याव्यात? इथेही निसर्गाने माणसाची फजिती केली आहे. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर मोठी चाचणी झाली. गाजरातले बीटा कॅरोटिन गोळीतून दिले तर फुप्फुसाचा कर्करोग कमी होईल, अशी आशा होती. १९९४ मध्ये निकाल लागला. गोळी घेणाऱ्यांत कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक! २००९ साली जर्मनीत तरुणांना चार आठवडे व्यायाम करायला लावला. काहींना सोबत क आणि ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या दिल्या. ज्यांनी गोळ्या घेतल्या नाहीत, त्यांच्या शरीराने इन्सुलिनचा हुकूम अधिक चांगला पाळायला सुरुवात केली. गोळ्या घेणाऱ्यांना व्यायामाचा तो फायदा मिळालाच नाही.

कारण मोठे मार्मिक आहे. चालताना, धावताना थोड्या ठिणग्या उडतातच, आणि त्या पाहूनच शरीर आपले बंब वाढवते. ठिणगी बाहेरून विझवली तर शरीराला वर्दीच मिळत नाही. शिवाय जंतूंना मारायला आपल्या पांढऱ्या पेशी याच ठिणग्या वापरतात. म्हणजे त्या समूळ नष्ट करायच्या नसून आटोक्यात ठेवायच्या आहेत. आणि त्यासाठी उपाय आहे तो चुलीत लाकडे कमी घालण्याचा आणि अंगातला बंब चालता ठेवण्याचा. वजन उतरले की प्राणवायूचा ताणही उतरतो, हे माणसांवरच्या अभ्यासांत दिसून आले आहे. छतातून पाणी गळत असताना खिडकीच्या गजांचा गंज घासत बसण्यात काय अर्थ?

झाडाचाही हिशेब

आणखी एक हिशेब राहिला, झाडाचा. आवळा, हिरडा, बेहडा यांची फळे दरवर्षी येतात. सांभाळून वेचली तर झाडाला काही होत नाही. बीजाचा पेला मात्र खोडाच्या गाभ्याचा असतो, आणि गाभा हवा असेल तर झाड आडवे करावे लागते. तसा गाभा धरायला झाडाला कित्येक दशके लागतात. आययूसीएन या जागतिक संस्थेने बीजाचे नाव धोक्याच्या जवळ पोहोचलेल्या वृक्षांत घातले आहे. २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. तिथले जंगल राखले जाईल. पण गावाशेजारचे जंगल राखायचे ते आपणच. माझ्या पोटासाठी साठ-सत्तर वर्षांचे झाड पडावे, आणि त्याने पोट उतरूही नये, हा व्यवहार कोणत्याही शाखाधिकाऱ्याने मंजूर केला नसता.

गेल्या हिवाळ्यात देवरीकडे जाऊन आलो. तो म्हातारा केव्हाच गेला. त्याच्या नातवाने मोटारसायकलवरून गाव दाखवला. पूर्वी इथे कोदो-कुटकीचा भात, अंबाडीची भाजी, मोहाची फुले ताटात असत. आता मिलमधला पांढराशुभ्र तांदूळ आहे आणि किराणा दुकानाच्या दारावर कुरकुरीत पुड्यांच्या माळा आहेत. नातू तिशीतला, हातपाय काटकुळे, पण शर्टाच्या गुंड्यांमधून पोट डोकावत होते. याज्ञिकांचे ते छायाचित्र मला आठवले. मी त्याला म्हटले, "अरे बाबू, एकदा साखर तपासून घे." तो हसून म्हणाला, "काकाजी, आमच्याकडे तर सगळी जडीबुटी आहे ना!"

त्याच्या आजोबाचे वाक्य मी त्याला ऐकवले. तो क्षणभर गप्प झाला. पुढच्या आठवड्यात ग्रामीण रुग्णालयात जातो म्हणाला. त्याला मी दर रविवारी फोन करून विचारतो आहे. अजून गेलेला नाही.

माझे म्हणाल तर वजन ७८ वर आले आहे, कंबर ९६ वर. अजून सहा सेंटिमीटरचे देणे बाकी आहे. सकाळी चाळीस मिनिटे चालतो, रात्री भात अर्धी वाटी, दुपारी झोप नाही. आवळा खातो, पण भाजी-कोशिंबिरीसारखा, औषध म्हणून नव्हे. गोळी नेमाने घेतो. पेला अजून टेबलावर आहे. गोळी गिळायला त्यातलेच पाणी घेतो, तेही आता ताजे. डॉक्टरीणबाईंना हे सांगितले आहे.

वाचकहो, आज रविवार आहे. घरात शिवणाच्या डब्यात मापाची फीत असेल. जेवणाआधी सर्वांनी बेंबीच्या रेषेत कंबर मोजा आणि कॅलेंडरच्या मागे आकडे लिहून ठेवा. पोट आत ओढून मोजू नका. खोट्या नोंदींचा ताळेबंद शेवटी जुळत नाही, हे मी सदतीस वर्षे पाहिले आहे.